दाद

मांगवॉनच्या त्या तळघरात
मेंग पान-सुल आजोबांनी दाराशी बूट काढले,
मोज्यांच्या शिवणी सारख्या केल्या.
बोसॉंगहून पहाटेच्या बसने आले होते.
ढोल आणू नका असं कळवलं होतं, तरी आणलाच,
रजईत गुंडाळून, आजारी पोर आणावं तसा.

आम्हाला फक्त आरोळी हवी होती. "ऑल्सू!"
दीड सेकंदाची, नाच सुरू व्हायच्या आधी.
निर्माता पोरसवदा, भला माणूस.
त्यांच्या कानात टिकटिक सोडून म्हणाला, हं, द्या.

आजोबा गप्प.
मग म्हणाले, पण गातंय कोण?

कोणी नाही, आजोबा. गाणं नंतर जोडतो.

साठ वर्षं पान्सोरीच्या बाजूला ढोल घेऊन बसलो
(हे माझ्याकडे बघत, कारण मीच रिकामी,
केबली गुंडाळणारी, अर्ध्या पगाराची),
गाणारी दम कोंडून कड्याच्या टोकाशी येते,
तेव्हा पाठीला जो हात लागतो, ती ही आरोळी.
कड्यावर कोणी नसताना हात पुढे केला
तर आपलाच तोल जातो.

तरी तीनदा ओरडले.
तिन्ही पोकळ. काचेआडूनही कळलं.

कुणीतरी मला आत ढकललं: तू म्हण काहीतरी.
मला आईचं एकच येत होतं,
ओहोटीला चिखलात शिंपले वेचतानाचं, तेही अर्धं.
दुसऱ्या ओळीत आवाज फाटला,
तिचाही तिथेच फाटायचा,
आणि नेमक्या त्या फटीत
ढोलाच्या लाकडावर टक्
आणि ती आली.

माझा आवाज पुसला. ठरलंच होतं तसं.
त्यांचा अर्ध्या सुराने चढवला, कडा घासून काढल्या.

आता ती आरोळी चपलांच्या दुकानात असते,
शाळकरी पोरी दप्तरासकट तिच्यावर उडी घेतात,
मैदानात हजारो माणसं तीच परत फेकतात
त्या सात चकचकीत मुलांकडे.
माझी आहे ती, असं कुणाला सांगू?

रात्री अकराला, कोपऱ्यावरच्या दुकानात,
नूडल्सच्या कपावर झाकण दाबून उभी होते.
छतातून आजोबा ओरडले. फोन लावला.
म्हटलं, आई, तिसरी ओळ काय आहे गं?

आधी सांग, जेवलीस का.
पाणी ओतलंय. तीन मिनिटं.
मग होईल तेवढ्यात, म्हणाली,
आणि घसा खाकरला.