वीस मीटरवर

अकरा दिवस वीस मीटरवरून काहीच आलं नाही.
एक मीटर बोलत होतं, चाळीस बोलत होतं,
साठ, ऐंशी, शंभर, पार पाचशेपर्यंत
दवाखान्याच्या बाकावरच्या बायांसारखे
सगळे संवेदक आपापला ताप सांगत होते.
मधल्या त्या एकानंच तोंड मिटलेलं.

ग्वायाकिलच्या कचेरीत साहेब म्हणाले,
वरचा-खालचा आकडा बघ, जोडून टाक रेघ.
टाकली असती.
पण त्या वर्षी ऊन पाणी पश्चिमेकडून सरकत येत होतं
आणि त्याची कड कुठे संपते
ही अंदाजानं सांगायची गोष्ट नव्हती.
आमच्या हारामिहोत त्या कडेवर लग्नं ठरतात,
मोडतातही.

जहाज निघालं. नवव्या सकाळी बोया दिसला,
नारिंगी रंग विटलेला,
वर लाल पायांचे तीन पक्षी, आमच्याकडे पाठ करून.
चार किलोमीटर खाली त्याला धरून बसलीत
आगगाडीची भंगारातली चाकं.
इथे वर, अडीच मीटरांच्या सावलीत, मासळीचं अख्खं गाव:
बारकी सावलीसाठी, मोठी बारक्यांसाठी,
आणि मोठ्यांसाठी
होड्यांची माळ ओढत आलेली माणसं.
पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतात.
बोयाशी नको, असं कुणी म्हटलेलं नाही.

तार वर येऊ लागली. शेवाळ, कालवं, उग्र वास.
वीस मीटरवर चेपलेला संवेदक,
त्याच्याभोवती गळाची दोरी, तीन गळ,
आणि निळ्या नायलॉनची एक गाठ.
डावखुरी. वर एक वेढा जास्तीचा.

ओल्मेदोनं सुरी काढली.
मी म्हटलं, थांब.

ही गाठ बाबांनी आम्हा दोघांना उंबऱ्यात बसवून शिकवली,
कंदिलाच्या जुन्या वातीवर.
तिसरा वेढा कशाला, असं हासिंतोनं विचारलं तर म्हणाले,
विचारत बसशील तोवर लाट येईल.
हासिंतोनं मग आयुष्यभर काही विचारलं नाही.

नखांनी सोडवायला पाऊण तास लागला.
नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं:
मासेमारीचा दोर.
नाव विचारणारा रकाना त्या वहीत नाही,
बरं आहे.

परतल्यावर त्याचा फोन. नेहमीसारखाच:
पाणी कसंय गं?
म्हटलं, वीस अंशांची रेघ एरवी पन्नासवर असते,
ऐंशीच्या खाली गेलीय. मासा लांब जाईल.
तो गप्प. मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
मग म्हणाला, ठाऊक आहे.
दोर ओढताना हाताला लागलं.
किती ऊन?
आई अंघोळीला काढायची ना,
विसण जरा जास्त पडलेलं,
तेवढं.

कुठल्या दिवशी, मी विचारलं.
त्यानं तारीख सांगितली.
अकरातली चौथी.

रकाना मी रिकामाच ठेवला आहे.
साहेबांना दाखवायला आकडा नाही माझ्याकडे,
आणि विसण कुठल्या एककात मोजतात
हे मला अजून कळलेलं नाही.
नवा संवेदक बोलतोय आता. आज पहाटे
सत्तावीस पूर्णांक चार.
मी तळहात टेबलावर उपडा ठेवून
थोडा वेळ तशीच बसले.