पाचवा गिअर

बारा माग भंगारात घातले, त्यातून गाडी घेतली,
असं मी सगळ्यांना सांगतो.
बारा मागांत तिची पुढची काचही आली नसती.
अक्कलकोट रोडचा प्लॉट गेला. घरी उशिरा कळलं.

पुण्यात, कॅम्पात, डूमासिया नावाचा म्हातारा.
चावीच्या आधी त्याने बुटांचं खोकं दिलं :
एकोणनव्वदपासूनची बिलं, एकही गहाळ नाही.
"चालव, नको चालवू," म्हणाला, "बेल्ट दर दोन वर्षांनी बदल."
मग आत गेला
तो ट्रक हलेपर्यंत बाहेर आला नाही.

लोटस.
गल्लीतल्या पोरांनी नाव वाचलं, विचारलं,
अण्णा, तिकीट मिळालं काय?
सासूने एकच शब्द विचारला : एंता?
मी आकडा चौथाई करून सांगितला,
तरी ती भिंत धरून खाली बसली.

दस्तगीर टेम्पो दुरुस्त करणारा माणूस.
त्याने बॉनेट उघडलं, आत इंजिनच नाही.
"शेठ, फसवलं तुम्हाला," खालच्या आवाजात.
मी सीटमागचं झाकण उचललं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग चपला काढून बाजूला ठेवल्या.

एवढी बसकी, की प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घालायची,
साडी सावरून गटार ओलांडावं तशी.
डोळे मिटलेले असतात, बटण दाबलं की डावा उघडतो.
उजव्याची मोटर तीन महिने कस्टममध्ये पडून आहे.
उन्हाळ्यात आठनंतर काढायची नाही.
पाणी पाचव्या दिवशी. आधी घागरी, मग ती.

शंभर मागांच्या खडखडाटात
कुठला धोटा अडतोय ते मी झोपेत सांगायचो.
हिच्यातही काहीतरी अडतं, तिसऱ्यात, चढावर.
दस्तगीरला ऐकू येत नाही.

विजयालक्ष्मी एकदाच बसली.
पहाटे, तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत.
शेजारून ट्रक गेला, त्याचं चाक तिच्या डोक्याच्या वर.
जाताना देवाचं नाव. येताना म्हणाली,
"एवढे पैसे घातले, मग हळू का चालवता?"

पाचवा अजून टाकलेला नाही.
उजवीकडे, वर आहे तो.
रात्री, चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी, गाडी बंद असताना
कधी कधी टाकून बघतो.