एक जून

चिपळूणच्या शोरूममध्ये ती उभी होती,
चार जाड चाकं, लाल रंग,
हँडलला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.
पालशेतच्या वाळूत अशा तीन मी भाड्यानं फिरवतो,
एका फेरीचे दीडशे.
त्या मोठ्या, खाऱ्या वाऱ्यानं कुरतडलेल्या,
एकीचा हॉर्न तर आपणहून वाजतो.
ही नवी होती
आणि लहान होती.

"मुलासाठी का?" शिगवणांच्या पोरीनं विचारलं.
"वय?"

मंथन माझ्याआधी बोलला, "बारा."
बाराला अजून नारळी पुनव यायची होती.
मी टायर दाबून बघत राहिलो.
हे उत्तर मीच शिकवलेलं,
सकाळी मार्गताम्हाण्याला, वडापाव खाताना,
दोनदा म्हणून घेतलेलं.

ती वाकली. मडगार्डवर पिवळं स्टिकर होतं.
पोथी वाचावी तशी न थांबता वाचत गेली:
हिला बारा पुरी, त्या मोठीला सोळा.
मागे कुणाला बसवायचं नाही.
हेल्मेट, बूट, जाणतं माणूस नजरेच्या टप्प्यात.
माझ्या तिन्ही गाड्यांवर हे पिवळं होतं.
मी रॉकेल लावून खरवडलं,
गिऱ्हाईक उगाच वाचत बसतं म्हणून.

"कागद नंतर बघू," ती म्हणाली, "आधी बसव त्याला."

बसला.
चवडे टेकले, टाचा नाही.
उजव्या हाताची बोटं ब्रेककडे निघाली
आणि वाटेतच संपली.
त्यानं खांदा पुढे काढला, मान तिरकी केली,
जीभ ओठाच्या कोपऱ्यात.

ही मान मला माहीत होती.

खांबे गुरुजी म्हणाले होते,
डोक्यावरून हात ने, पलीकडचा कान धर.
आईनं मागून हळूच कोपर ढकललं,
मी मान वाकडी केली
आणि कान माझ्या हातात आला.
"झाला सहाचा," गुरुजी म्हणाले, लिहिलं, एक जून.
आमच्या वर्गात सव्वीस पोरं,
त्यातली एकोणीस एक जूनला जन्मलेली.
एवढ्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या
आणि सुईण एकच, आमची काशीआत्ते.

पुढे ट्रॉलरवर गेलो तेव्हा
वय कुणी विचारलंच नाही.
तांडेल म्हणाला, "वकतोस काय रे?"
नाय म्हटलं, घेतलं.
तिसऱ्या महिन्यात विंचच्या दोरानं
डाव्या अनामिकेची दोन पेरं ठेवून घेतली.
तांडेल म्हणाला, लग्नापर्यंत येईल भरून.
लग्न झालं.

आणि गेल्या मेमधला तो साताऱ्याचा पोरगा.
बाप मोबाइल धरून उभा, "येतं हो त्याला, द्या तुम्ही."
मी उंची बघितली, दीडशे बघितले,
चावी दिली.
गाडी सुरूच्या बुंध्यात शिरली.
काही झालं नाही, असं आम्ही सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं.
खांद्याचं हाड होतं फक्त.

"सीट पुढे सरकत नाही काय?" मी विचारलं.
"सरकत नाही."
"लिव्हर आत घेऊन?"
"काका," ती म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही.
मग मंथनकडे बघून, "दिवाळीला ये. हीच ठेवते."
दोघांनाही माहीत होतं, हीच काही राहणार नाही.

परतताना तो बाइकवर मागे, फुगलेला.
मार्गताम्हाण्याला थांबलो, वडापाव नको म्हणाला,
मग माझा अर्धा खाल्ला.
मी क्लच दाबून गाडी उताराला लावली,
तेवढ्यात मागून विचारलं,
"बाबा, बोट गेलं तेव्हा तुम्ही कितीचे?"

चौदा म्हणणार होतो. दाखल्यावर चौदाच निघतात.
पण काशीआत्ते सांगायची,
तू झालास तेव्हा होळीचा माड अजून उभा होता,
त्या सालापासून मोजायला घेतलं, मनात, एकेक,
आणि वेळणेश्वरचा फाटा गेला तरी
मी मोजतोच आहे.