हयातीपर्यंत

तुंगारे वकीलबाईंनी विचारलं, तुमचं-यांचं नातं काय लिहू?
शशांक चष्मा पुसत राहिला.
मी म्हटलं, लिहा, सतरा वर्षं
यांच्या बीपीच्या गोळ्या मी मोजते.
त्या हसल्या नाहीत.
'सोबत राहणाऱ्या' असं टाइप केलं.

माहीमचा फ्लॅट त्याचा. पुढे मिहीरचा.
मध्ये मी,
'हयातीपर्यंत राहण्याचा हक्क,
विकण्याचा वा गहाण टाकण्याचा नाही.'
म्हणजे ग्रिलमधला कढीपत्ता माझा,
ग्रिल नाही.

माझी ऋजुता फोनवर म्हणाली,
आई, तुझ्या पाटल्या कुणाला, तेही लिहूनच टाक एकदा.
आवाज गोड होता.
लिहिलं. एक तिला,
एक मिहीरच्या बायकोला,
जी मला ना आई म्हणते ना काकू,
नुसतं 'ऐकता का'.
मीही असंच म्हणायचे, पहिल्या घरी, नवऱ्याला.

साक्षीदार दोन, ज्यांना यातलं काहीच मिळणार नाही असे.
तळमजल्याचे डिमेलो आले,
आणि इस्त्रीवाला रामआसरे.
सहीआधी त्याने हात पँटला पुसले,
मग विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

रात्री शशांकला आठवलं,
सोसायटीचा नॉमिनीचा फॉर्म राहिलाच.
बाई म्हणाल्या होत्या, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे,
नुसता राखणदार.
मग माझंच नाव घाल, म्हटलं.
तो पेन शोधायला उठला.
बराच वेळ शोधत होता,
पेन समोरच, फ्रिजवर,
गोळ्यांच्या डब्याशेजारी.
मी सांगितलं नाही लगेच.