व्यवसायाचा रकाना

देवरुखकर भावोजी रविवारी आले,
अर्धा किलो चिक्कू आणि निळी फाइल घेऊन.
चारकोपच्या आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये
टीपॉयवरचं सगळं बाजूला सारलं त्यांनी,
ईशानीचे खडू, तिचा पायतुटका घोडा,
आणि म्हणाले, लहानपणीच काढली की हप्ता स्वस्त पडतो.
तुम्हाला काय सांगायचं वहिनी, तुम्ही तर आतल्याच.

मी आतलीच.
एकोणीस वर्षं फोर्टच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
दाव्यांच्या टेबलाशी.
माणूस गेला की त्याचा कागद माझ्याकडे येतो.
बरोबर असला तर पुढे पाठवते,
नसला तर परत.
तेवढंच काम. चहा दोनदा.

हेरंब मोबाइलवर हिशेब करत होता,
अठराव्या वर्षी इतके, लग्नाला इतके.
भावोजी म्हणाले, आणि देव न करो, पण मधे काही…
तिथे थांबले. चिक्कूची बी बशीत ठेवली.
ह्या वाक्याचा उरलेला भाग
त्यांच्या धंद्यात कोणी बोलत नाही.
तो माझ्याकडे येतो, टाचणी लावून.

एकदा आला होता.
पातळ फाइल. वय: सात.
व्यवसायाच्या रकान्यात कोणीतरी
शाईने लिहिलं होतं: दुसरी ब.
चेक गेला. वटला नाही.
तीन महिन्यांनी मी स्मरणपत्र पाठवलं.
मग बाप स्वतःच आला, करी रोडहून,
कोपरावर अजून लाकडाचा भुसा,
चेक प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक दुमड नाही.
मला वाटलं, मुदत वाढवून हवी असेल.
म्हणाला, बाई, ह्या पत्रात शार्दूलचा दु पहिला पडलाय.
दुसरा पाहिजे.
तो पाटीवर बरोबर काढायचा.

मी पत्र नवीन काढलं.
सहीला नेलं तर साहेब म्हणाले, एवढ्यासाठी?
हो, एवढ्यासाठी.
पैशांचं त्याने पुढे काय केलं, ठाऊक नाही.
ते विचारायला आमच्याकडे रकाना नाही.

तर भावोजी, गणित मलाही येतं.
विमा उतरवायचा कमावत्या हाताचा,
हात गेला तर चूल थांबू नये म्हणून.
ईशानी काय कमावते?
काल गोराईहून दोन शिंपले आणले,
आणि एक शिवी, तीही शेजारच्या नेल्सनकडून उसनी.
ती नसली तरी चूल चालूच राहील.
तेच तर.

हेरंब म्हणाला, तू फार लांब जातेस.
बचतच आहे ती, नाव फक्त विम्याचं.
असेलही. तो चुकतोय असं मी म्हणत नाही.
माझ्या आईने पोस्टात महिन्याला दहा-दहा टाकले,
माझ्या टायपिंगच्या क्लासची फी त्यातूनच गेली.
कर ना बचत. पोस्टात कर, डब्यात कर.
फक्त तिच्या नावाखाली
"पश्चात रक्कम कोणास" ह्या ओळीवर
माझं नाव लिहायला लावू नकोस मला.

भावोजी समजूतदार. म्हणाले, मग तुमची वाढवू?
माझी वाढवा. ह्याची दुप्पट करा,
हा लिंक रोडवर हेल्मेट आरशाला लटकवून स्कूटर चालवतो.
भाव लावायचा तर आम्हा दोघांना लावा.
वारस म्हणून तिचं नाव घातलं.
ई दुसरी, शाला काना, नी दुसरी.
तीनदा तपासलं.

भावोजी गेले, तिचा कोरा फॉर्म टीपॉयवरच राहिला.
संध्याकाळी तिने तो उलटा केला
आणि मागे घोडा काढला, हिरवा.
पाय मोजले मी. पाच.
हा पाचवा कशाला गं?
खडू न थांबवता म्हणाली,
जास्तीचा आहे. तुटला तर.