भोकांचा हिशेब

अण्णांनी तीस वर्षं चिरेखाणीत जांभा कापला.
जांभा म्हणजे निम्मी भोकंच.
चार महिने आभाळ ओततं त्याच्यावर
आणि एप्रिलात शृंगारतळीच्या वरच्या वाडीला टँकर.
आमच्या दगडाला काही धरता येत नाही,
हे मी घागरीच्या रांगेत ऐकत मोठी झाले.

म्हणून असेल,
भोकांना धरायला शिकवायच्या धंद्यात पडले.

पत्र्याची शेड, मागे सुरूची झाडं, त्यांच्या मागे समुद्र.
घाणेकर वहिनी करवंट्या देतात, पोत्याला साठ रुपये:
"जाळायच्याच ना? मग निवडून काय घेतेस?"
जाळते, पण हवा न देता.
मग तापली वाफ सोडते
आणि कोळशाच्या पोटात पोट, त्यात आणखी पोट.
एक ग्रॅम उलगडला तर दहा गुंठे.
सातबारा नाही त्याचा कुठे.
त्यावर पॅलेडियम, इतकं थोडं
की बिलात दिसतं, कोळशावर दिसत नाही.

नळी मात्र चिनीमातीची,
तीही सच्छिद्र, त्याच धातूने बाहेरून मढवलेली.
अलीकडे सगळी गर्दी, नायट्रोजन, कर्बवायू, वाफ.
पलीकडे जायचं फक्त हायड्रोजनने.
तो फटीतून निसटत नाही.
जोडीने येतो, धातूला टेकतो,
जोडी सुटते,
एकेकटा भिंतीतून चालत जातो
आणि पलीकडे पुन्हा जोडी.
तीच का, कोण सांगणार.

सतरा नळ्या गळल्या.
टाचणीच्या टोकाएवढं एक भोक, नको तिथलं,
त्यातून सगळेच आले.
"खारी हवा," परकार म्हणाले, गेजवर टिचकी मारत.
मी म्हटलं, घाई.
अठरावी शिमगा उरकल्यावर मढवली, तीन दिवस.
नायट्रोजनचा काटा शून्यावरून हलला नाही.
परकार गेजवर टिचकी मारायचेही विसरले.

रात्रभर कोळशाच्या कुपीत भरत राहिलो.
सकाळी वजन केलं.
अर्धा ग्रॅमसुद्धा वाढ नाही.
धरलं ते इतकंच,
पण जरा ऊब दिली की सोडून देतं,
कुरकुर नाही, मोजून परत.
धरणाऱ्यांत हे मी फार पाहिलेलं नाही.

अण्णा डबा द्यायला आले होते.
कुपी तळव्यावर तोलली.
"ह्यात काय भरलंस गो?"
मी सांगायच्या आत
बोटाच्या पेराने वाजवून पाहिली,
चिरा निवडताना वाजवतात तशी,
कान लावून.
मग दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली,
जड असल्यासारखी.