दिग्रजला भरती

देवगडच्या एसटीतून गोणपाटात गुंडाळून आल्या
कांदळाच्या साठ शेंगा.
शेंगा कसल्या, उगवलेली पोरंच ती,
आईच्या फांदीला लटकून वीतभर झालेली.
सोबत रोशनी तांडेलची चिठ्ठी:
मावशी, आमच्याकडे लावली की निम्मी कुजतात.
तुम्ही द्राक्षाच्या काडीला मुळं आणता,
यांना आणून बघा.

समुद्र मी दोनदाच पाहिलाय.
मीठ मात्र घरचं.
खालच्या मळ्यात उसाला पाणी पाजून पाजून
एका उन्हाळ्यात जमिनीवर पांढरं आलं,
जोंधळ्याचं पीठ सांडल्यागत.
त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही.
वीस वर्षांत पहिल्यांदा तिथनं
कामाची म्हणून बादली भरून आणली.

आयबीएची पूड चिमटीनं घ्यायची नसते, तोलायची असते.
थेंबभर स्पिरिटात विरघळवायची, मग पाण्यात.
चार ट्रे, चार मात्रा. पाचवा नुसत्या पाण्याचा.
"त्या बिचाऱ्याला काहीच नाही?" मालन म्हणाली.
त्याच्यावरनंच कळतं, म्हटलं,
बाकीच्यांना काय मिळालं ते.

मालननं निम्मं आयुष्य घड बुडवलेत जी.ए.च्या मगात.
तिच्या हट्टानं दहांना तेही दिलं.
वाढली की! टाचा उंच करून
वरातीत घुसल्यागत वाढली,
आणि दाराचा वारा लागला तरी लवली.
चौथ्या ट्रेत बुडखे सुजले,
मुळं नाहीत, नुसत्या गाठी.

पुस्तकात याला संजीवक म्हणतात.
जीव काय ते देत नाही,
जीव गोणपाटातनं आला होता.
हे फक्त कानाशी लागतं:
आधी खाली.

आणि दिवसातनं दोनदा बूच काढायचं,
दोनदा पाणी चढवायचं.
वेळ रोशनी फोनवर कळवायची, रोज पाऊणएक तास पुढं.
मालन रात्री सव्वातीनला बॅटरी घेऊन जायची,
कृष्णेकाठी, दिग्रजला,
भरती आणायला.

एकेचाळिसाव्या दिवशी दुसरा ट्रे उचलला
तर खालनं पांढरी मुळं लोंबत होती,
इतकी, की मालननं पदरानं हात पुसले
आणि मगच हात लावला.

रोपं एसटीनं परत गेली. कंडक्टरनं लगेज लावलं.
नुसत्या पाण्याच्या ट्रेतलं एक
मालननं मागं ठेवून घेतलंय, खाऱ्या विहिरीपाशी.
काल फोन आला नाही तर
तिनंच लावला देवगडला:
"आज किती वाजता ग?"